पुढं सरकवलेलं ताट

दौंड, २ ऑगस्ट १९७३

ती. आबांना,

ललिताचा सलाम. घ्यायचा नसला तर आत्याजवळ ठेवा, ती टाकून देणार नाही.

मागची दोन्ही पाकिटं परत आली. वर पोस्टमनच्या अक्षरात ‘घेत नाहीत’ असं लिहिलं होतं. म्हणून आता कार्ड लिहिते. कार्ड उघडंच असतं, नाकारायच्या आधी कुणीतरी वाचतंच, आणि आपल्या वस्तीवर एकानं वाचलं की सगळ्यांना कळतं. तेव्हा सगळ्यांसाठीच लिहिते. मी खुशाल आहे. तुमचे जावई मच्छिंद्र, तुम्ही मानत नसलात तरी, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर आहेत. दारू पीत नाहीत, हात उगारत नाहीत. सासूबाईंचं नाव अनसाबाई. त्या बौद्ध आहेत, मी येशूची आहे, आणि आमच्या घरात दोघींनाही कुणी काही म्हणत नाही. रात्रीची प्रार्थना मी अजून करते. तुमचं नाव त्यात असतं, कधी रागानं, कधी बिनरागाचं.

तुमची,
ललिता


दौंड, १४ ऑक्टोबर १९७३

ती. आबांना,

हे पाकीट आत्याच्या नावानं टाकते आहे. ती मोठ्यानं वाचेल आणि तुम्ही पेपर तोंडासमोर धरून ऐकाल. माझ्या आत्यानं गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात जन्म काढला आहे, तिचा आवाज पेपराच्या पलीकडं सहज पोचतो.

त्या रविवारी मी देवळात नव्हते, पण मला सांगणारे पुष्कळ निघाले. पाळकसाहेबांचा घसा बसला होता, म्हणून मंडळीचे पंच या नात्यानं तुम्ही उभे राहिलात आणि वाचलंत. ललिता शांतवन रणपिसे हिनं मंडळीबाहेर आणि परधर्माच्या रीतीनं लग्न केलं आहे, म्हणून तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. तिनं मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल केलं तर तिला परत घेतलं जाईल. आवाज जराही हलला नाही म्हणतात. शाळेत हजेरी घेताना लागायचा तसाच होता. आबा, आणखी तीन पंच बाकावर बसले होते. त्यांच्यापैकी एकाच्या हातात तो कागद देता आला नसता का?

तुमचं दुखणं मला कळत नाही असं समजू नका. छप्पन साली सगळी वस्ती दीक्षा घेऊन आली आणि आपली चारच घरं मागं राहिली. तुमचा सख्खा भाऊ, कोंडिबाकाका, ‘मिशनचे मिंधे’ म्हणून गेला तो परत उंबरा चढला नाही. मी तेव्हा लहान होते, पण तुम्ही ओट्यावर बसून त्याच्या घराकडं बघत राहायचात ते मला आठवतं. ज्यांनी तुम्हाला टाकलं त्यांच्यातच पोरगी गेली, असं तुमच्या मनानं घेतलं आहे. मी कुणाच्या बाजूला गेले नाही. एका चांगल्या माणसाशी लग्न केलं, एवढंच.

इथं माझं बरं चाललं आहे. ट्रंक मात्र अजून बाजेखाली तशीच आहे. लागेल ते लुगडं काढते, धुतलं की परत ट्रंकेत घडी करून ठेवते. भिंतीला फळी आहे, खुंट्या आहेत, पण माझं तिथं काही ठेवायला हात होत नाही. परवा सासूबाई म्हणाल्या, “ती पेटी कवा रिकामी करायची? का पावनी हायस?” मी हसले आणि पाणी भरायला गेले.

तुमची,
ललिता


दौंड, ९ जून १९७४

ती. आबांना,

रेल्वेचा संप मोडला हे तुम्ही वाचलं असेल. संपाच्या दिवसांत तुमचे जावई घरी नव्हते. पोलीस धरतील म्हणून कुणाच्या तरी मळ्यात राहिले होते. कॉलनीत रोज नवी आवई उठायची. आज म्हणे संपवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या, उद्या म्हणे क्वार्टर खाली करावं लागणार. माझ्या पोटात तेव्हा चौथा महिना होता. हे तुम्हाला या पत्रानंच कळतं आहे, कारण कळवावं असं तुम्ही काही ठेवलं नाही.

एका दुपारी मला वाटलं, आता इथूनही मला काढणार. कुणी काही बोललं नव्हतं. सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. मी ट्रंक उचलली आणि शिरूरच्या एस.टी.त बसले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होता. मी बांधावरच्या बाभळीपाशी उभी राहिले. तुम्ही मला पाहिलंत. नीट पाहिलंत, कारण हातातली शेंग तुम्ही खाली ठेवलीत. मग उठलात आणि आत गेलात. मी तिथं उभी होते, ट्रंक पायाशी होती. शेजारची धुरपदा शेळी बांधता बांधता माझ्याकडं बघत होती. मी परतीची गाडी धरली.

दौंडच्या स्टँडवर सासूबाई बाकड्यावर बसल्या होत्या. दुपारपासून शिरूरकडून येणारी एकेक गाडी बघत होत्या. त्यांनी ट्रंक माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, “बापाला भेटलीस व्हय? बरं केलंस. चल, भाकरी गार व्हायली.” मी काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. मला त्यांचा फार राग आला. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

हे सगळं तुम्हाला लाज वाटावी म्हणून लिहिते आहे. वाटली तर कळवा.

तुमची,
ललिता


दौंड, ८ डिसेंबर १९७४

ती. आबांना,

तुम्हाला नात झाली. नाव विशाखा. रंग तुमचा घेतला आहे, कान ह्यांचे. नोकरी राहिली, क्वार्टरही राहिलं.

आज भांडायला लिहीत नाही. इथल्या पाळकीणबाईंबद्दल लिहायचं आहे. इथल्या देवळात मी मागच्या बाकावर बसते. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला फिरवायची वेळ आली की उठून बाहेर जाते, कारण मला तिथं बसायची परवानगी नाही हे मला पाठ आहे. पाळकीणबाईंनी मला बाहेर पायरीवर दोनचारदा पाहिलं. काही न विचारता दर गुरुवारी बायकांच्या प्रार्थनेला बोलवायला लागल्या. ठेंगण्याशा आहेत, बोलताना तांदूळ निवडत असतात, आणि बोलतात तेही तसंच वेचून.

एक दिवस सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, “ललिता, तू कुणाच्याही घरी गेलीस की दाराशीच बसतेस. बघितलंस का कधी?” मी म्हटलं, हवा लागते म्हणून. “हवा नव्हे,” त्या म्हणाल्या. “ज्याला एकदा घरातून उठवलं ते माणूस पुढं प्रत्येक घरात दाराजवळची जागा धरतं. पुन्हा उठवलं तर फार चालावं लागू नये म्हणून.” आबा, मला तिथल्या तिथं रडू आलं. मी त्यांना उन्हाळ्यातलं सगळं सांगितलं, बाभळीपासून स्टँडपर्यंत.

त्यांनी एवढंच विचारलं, “आत गेल्यावर दार लावलं का त्यांनी?”

घरी येईपर्यंत मी आठवत राहिले. दार उघडं होतं. तुम्ही आत गेलात आणि दार तसंच टाकलंत. मी इतका वेळ उभी होते, ते लागलं नाही. का, आबा? मी मागून यावं म्हणून? मग “ये” एवढं म्हणायला तुमची जीभ का उचलली नाही? आणि मीही अशी, की मला उघडं दारसुद्धा बंद दिसलं.

पुढच्या गुरुवारी पाळकीणबाई म्हणाल्या, “वडिलांनी केलं ते वाईट केलं. क्षमा करायची म्हणजे ते बरं झालं असं म्हणायचं नाही. ते दुखलं, असं देवापुढं स्वच्छ सांगायचं आणि मग त्याचा सूड दुसऱ्या माणसावर काढायचा नाही. तू तो सासूवर काढतेस. ती बाई रोज तुला आत ये म्हणते आणि तू रोज तिच्या घरात पाहुणी. देवानं तुला जवळ घेतलं आहे असं गाण्यात म्हणतेस ना? मग कुणीतरी जवळ घेतलेल्या माणसासारखी वाग की जरा.”

बाळाची दुपटी ठेवायला जागा हवी होती. हे निमित्त. मी ट्रंक ओढली आणि सगळं फळीवर लावलं. सासूबाई बघत होत्या. मग मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं की त्या दिवशी माझे वडील मला भेटले नव्हते. त्या म्हणाल्या, “ठावं हाय. माहेरी जेवून आलेल्या बाईचं त्वांड आसं नसतंय.” त्यांचंही ऐका. छप्पन साली त्यांनी आणि सासऱ्यांनी देव नदीत सोडले. त्यांच्या भावाला ते रुचलं नाही, त्यानं बहिणीला माहेरी न्यायचं बंद केलं. ते आजतागायत. “लई वरसं वाटंकडं बगत बसायची म्या,” त्या म्हणाल्या. “मंग डोळं दुकाया लागलं. म्हनलं, वाट बगायची तर बगू, पर हातात काम घिऊन बगू.”

तुम्हाला भावानं टाकलं, त्यांनाही भावानं टाकलं. तुम्ही दोघं एकदा समोरासमोर बसायला हवं होतं.

तुमची,
ललिता


दौंड, १६ जानेवारी १९७७

ती. आबांना,

आत्या नाताळानंतर इथं येऊन राहिली, विशाखाला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती. सासूबाईंचं आणि तिचं असं जमलं की मला दोघींत जागा मिळेना. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला एक गोष्ट सांगितली. तुम्ही सांगू नको म्हणाला होता, पण आत्याच्या पोटात काय राहतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही माझं नाव वाचलंत त्या रविवारपासून तुम्ही प्रभूची भाकर घेतलेली नाही. पंच म्हणून ताट धरता, बाकाबाकानं पुढं करता, म्हाताऱ्यांना वाकून देता. सगळ्यांचं झालं की ताट टेबलावर ठेवता आणि जागेवर जाऊन बसता. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालात, “माजं एकीशी मिटायचं हाय.”

माझ्या मनात आधी आलं की बरं झालं. माझ्यासारखं तुम्हालाही बाहेर बसल्यासारखं वाटू दे. आठवडाभर मी त्याच सुखात होते. मग एका दुपारी भाकरी थापताना तुम्ही डोळ्यांपुढं आलात, ताट दुसऱ्यापुढं सरकवणारे, आणि माझ्यानं पुढची भाकरी थापवेना. नवे पाळक येतील, जातील, पण आबा, तुम्हाला त्या भाकरीचं काय होतं हे मला माहीत आहे. आई गेली त्या आठवड्यात तुम्ही दुसरं काही खाल्लं नव्हतं.

कुणाशी बिनसलं असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जाऊन मिटवावं, हे तुम्हीच आम्हाला शाळेत शिकवलंत. जाऊन मिटवावं, आबा. बसून नाही. शिरूरहून दौंडला गाड्या आहेत.

आत्यानं तुमचा निरोपही दिला. मी एकदाच मंडळीसमोर उभं राहून ‘चुकलं’ म्हणावं, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहाल, आणि मग दोघांनी मिळून भाकर घ्यावी. शेजारी उभे राहाल, हे शब्द मी किती वर्षं मागत होते. पण मला ते जमणार नाही. विशाखा बाकावर बसलेली असेल. तिच्या आईनं तिच्या बापाला पाप म्हणायचं, आणि ते तिनं ऐकायचं? तुम्हाला परत मिळवण्यासाठी मी ह्यांना टाकू? टाकलेल्या माणसाला काय होतं हे कळल्यावर मी ते दुसऱ्याला करू शकत नाही.

माफी मागायला माझ्याजवळ दुसरं आहे. इथं एका बाईनं विचारलं तेव्हा तुम्ही वारलात असं मी सांगितलं होतं. विशाखाच्या जन्माचे पेढे तुम्हाला मुद्दाम पाठवले नाहीत. त्याची क्षमा मागते, सगळ्या मंडळीसमोर मागेन. लग्नाची मागणार नाही.

घरी या, आबा. आमच्या घरी.

तुमची,
ललिता


दौंड, २८ मार्च १९७८

ती. आबांना,

परवा पुनरुत्थानाच्या सणादिवशी काय झालं ते तुम्हाला आठवत नाही, असं काल आम्ही निघताना तुम्ही आत्याला म्हणालात. औषधाच्या गुंगीत होता, म्हणून खरंही असेल. विसरायचं सोंगही तुम्हाला चांगलं येतं. म्हणून लिहून पाठवते. आत्या वाचेल.

आत्याचं ‘ताबडतोब ये’ असं कार्ड आलं, तसे आम्ही तिघं निघालो. पाच वर्षांनी मी त्या घरात पाऊल टाकलं. तुम्ही इतके वाळला होता की पांघरुणाखाली माणूस आहे असं वाटेना. विशाखानं विचारलं, “हे आबा?” तुम्ही तिच्याकडं बघत राहिलात. मग दारात अवघडून उभ्या असलेल्या तिच्या बापाला म्हणालात, “पानी दे रं.” जावयाशी तुमचं हे पहिलं बोलणं. त्यांनी घाईनं तांब्या तुमच्या तोंडाला लावला आणि अर्धं पाणी तुमच्या सदऱ्यावर सांडलं. तुम्ही उरलेलं प्यालात.

दुपारी नवे पाळकसाहेब आले. आजाऱ्यासाठी लहानसं ताट आणि पेला घेऊन आले होते. प्रार्थना झाली. त्यांनी भाकरीचा तुकडा तुमच्या हातात दिला. मी बाहेर जायला उठले, सवयीनं. तुम्ही म्हणालात, “बस.” मग पाळकसाहेबांना विचारलंत, “हिला?”

ते पोरसवदा आहेत. खाली बघून म्हणाले, “गुरुजी, नियम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच वाचला होता.”

“व्हय, म्याच वाचला,” तुम्ही म्हणालात. तुकडा बोटांत धरून बराच वेळ बघत होता. तुम्हाला तो हवा होता, आबा. तुमचे ओठ हलत होते. मग तुम्ही तो परत ताटात ठेवलात आणि म्हणालात, “मंग ऱ्हाऊ द्या. म्याच तिला पंगतीतनं उठीवली. आता तिच्याजवळ बसतो.” आणि माझा हात धरलात. पाळकसाहेब ताट घेऊन उभेच होते. आत्या पदरात तोंड घालून चुलीकडं गेली.

तेव्हा सांगायचं राहिलं, ते आता सांगते. आबा, मिटलं. माझ्याकडून सगळं मिटलं. पण मी बाहेर उपाशी बसलेली नाही. माझी ट्रंक रिकामी होऊन कधीचीच माळ्यावर गेली. माझी सासू माझ्याशी भांडते, मी तिच्याशी भांडते, आणि संध्याकाळी आम्ही एकत्र जेवतो. कुणाच्या घरी गेले तर आता मी आत जाऊन बसते. ज्यानं मला जवळ घेतलं त्यानं तुमच्या कागदाची वाट पाहिली नाही. तुम्ही इतकी वर्षं मला बाहेर समजून झुरलात, आणि मी केव्हाच आत होते.

पाळकसाहेब शनिवारी पुन्हा येणार आहेत. भाकर घ्या. माझ्यासाठी नाकारू नका. तुम्ही खाल्लंत तर माझ्या पोटात पडेल. ही तुमच्या पोरीची एवढी एकच विनंती ऐका.

तुमची,
ललिता


दौंड, १७ एप्रिल १९७८

प्रिय आत्या,

मातीच्या दिवशी तुला विचारायला जमलं नाही, भोवती माणसं होती. आज तुझं पत्र आलं आणि कळलं.

म्हणजे तू माझं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलंस. शनिवारी पाळकसाहेब आले, ताट पुढं केलं, आणि आबांनी मान हलवली. तू रागावून विचारलंस, पोरगी एवढी काकुळतीला येऊन लिहिते, तर का घेत नाही? तेव्हा म्हणाले, “तिला लिव, बापानं पोरीच्या आदी जेवायचं नसतं.” त्यानंतर ते बोलले नाहीत असं तू लिहितेस.

मला ते जेवायला हवे होते गं आत्या. मी मनापासून लिहिलं होतं. त्यांच्या तोंडात तो तुकडा पडावा म्हणून मी त्या शनिवारी दिवसभर प्रार्थना करत होते. जन्मभर माझं ऐकलं नाही, शेवटचंही ऐकलं नाही. मी त्यांच्यावर चिडले आहे, आणि सकाळपासून रडते आहे. ज्या माणसानं मला सगळ्यांसमोर नाकारलं, त्यानं माझ्यासाठी एवढं नाकारावं, हे मला पेलत नाही.

मंडळीनं मला काही कबूल न करता परत घ्यायचं ठरवलं, असं पाळकसाहेबांनी कळवलं आहे. त्यांना माझा सलाम सांग. चांगला मुलगा आहे, त्याचा दोष नाही. मी येईन. पण एवढ्यात नाही. आबांच्या जागी ताट घेऊन दुसरं कुणी उभं असेल, ते बघायचा धीर अजून होत नाही.

हे लिहिता लिहिता दिवस कलला. मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. सासूबाईंनी मघाशी दोन ताटं वाढली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. खा म्हणाल्या नाहीत, आणि स्वतःही हात लावला नाही. नुसत्या बसून आहेत. त्यांना आता साखरेचा आजार आहे, त्यांना उपाशी राहून चालत नाही.

उठते. आम्ही दोघी जेवतो.

तुझी,
ललिता